‘मीन’ काढा

भारतातून नुकतंच न्यू जर्सीला गेलेलं कुटुंब मुलाचं नाव सरकारी शाळेत घालायला जातं, तेव्हा अर्जांच्या गठ्ठ्यात एक साधा कागद असतो. घरात कोणती भाषा बोलता? मूल आधी कोणत्या भाषेत बोलायला लागलं? इथे आईबाबांची कुजबुज सुरू होते. ‘मराठी’ लिहिलं तर आपल्या इंग्रजी माध्यमातल्या बंड्याला ‘कच्च्या’ वर्गात टाकतील की काय, या धास्तीने काही जण सरळ ‘इंग्लिश’ ठोकून देतात.

खरं तर त्या कागदावरून एवढंच ठरतं, की मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी घ्यायची की नाही. त्या चाचणीत कमी पडला तरच तो ‘इंग्लिश लर्नर’, म्हणजे अजून इंग्रजी शिकणारा. तसं झालं, तर शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालकांना कळवावं लागतं. इंग्रजीची जादा मदत पालक नाकारू शकतात. दरवर्षीची भाषेची परीक्षा मात्र चुकत नाही.

या व्यवस्थेचा पाया सॅन फ्रान्सिस्कोच्या एका खटल्यात आहे. तिथली सुमारे १८०० चिनी भाषक मुलं इंग्रजी वर्गात नुसती बसून असायची. शाळांचं म्हणणं, सगळ्यांना सारखंच देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये ते फेटाळलं: जे शिकवलं जातं ते कळतच नसेल, तर तेच पुस्तक आणि तोच शिक्षक देण्याला समानता म्हणत नाहीत. शिकवायचं कसं, हे मात्र न्यायालयाने सांगितलं नाही. त्यामुळे कुठे मुलांना तासभर वेगळं बसवतात, कुठे दोन्ही भाषांत शिकवतात. कॅलिफोर्नियाने तर १९९८मध्ये जनमत घेऊन द्विभाषिक वर्ग जवळपास मोडीत काढले आणि २०१६मध्ये पुन्हा जनमत घेऊनच त्यांना दार उघडलं.

आज अमेरिकाभरात अशी ‘इंग्लिश लर्नर’ मुलं सुमारे ५० लाख, म्हणजे सरकारी शाळांतलं साधारण दर दहावं मूल. त्यांतल्या चारांपैकी तिघांच्या घरी स्पॅनिश. मराठी घरं या गर्दीत चिमूटभर.

कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये एक फरक दाखवला. मित्रांशी भांडायला, डबा वाटून खायला लागणारं इंग्रजी मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. धड्यातलं, गणितातलं, ‘कारणे द्या’मधलं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात. न्यू जर्सीसह अनेक राज्यांत होणाऱ्या ‘विडा’ या राज्यांच्या गटाच्या वार्षिक इंग्रजी परीक्षेतही ऐकणं आणि बोलणं यांना प्रत्येकी १५ टक्के वजन, तर वाचन आणि लेखनाला प्रत्येकी ३५ टक्के. ‘तो तर फाडफाड बोलतो, मग नापास कसा?’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या आकड्यांत आहे.

आता गणिताचा पेपर घ्या. ‘मीन काढा.’ आपल्याकडे मीन ही रास. रोजच्या इंग्रजीत मीन म्हणजे दुष्ट किंवा ‘म्हणजे काय’मधला ‘म्हणजे’. इथे हवी आहे सरासरी. ‘टेबल (म्हणजे तक्ता) पाहून उत्तर द्या’ म्हटल्यावर वर्गातल्या टेबलाकडे पाहणाऱ्या पोराचं मला हसू येत नाही. आणि डाइम म्हणजे दहा सेंट, हे साताऱ्याहून आलेल्या मुलीला ठाऊक नसलं, तर तिची बेरीज कच्ची कशी म्हणायची? परीक्षांच्या भाषेचे अभ्यासक जमाल अबेदी यांनी लॉस एंजेलिसमध्ये आठवीच्या प्रश्नांची फक्त भाषा सोपी करून पाहिली, आकडे तेच ठेवले. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे गुण वाढले. फार नाही, थोडेच. पण गणितात जेमतेम असलेल्या इतर मुलांनाही फायदा झाला, हे मला जास्त बोलकं वाटतं.

सगळ्यात मोठी गफलत निकालाच्या तक्त्यात आहे. ‘इंग्लिश लर्नर’ गटाची सरासरी दरवर्षी खालीच दिसते आणि मग शाळेच्या नावाने खडे फोडले जातात. पण ज्याला इंग्रजी आलं तो गटातून बाहेर पडतो आणि त्याच्या जागी काल विमानातून उतरलेलं मूल येतं. हुशार झालेल्यांना दरसाल वगळत गेलात तर सरासरी वर येणार कशी? म्हणून २०१५च्या केंद्रीय कायद्याने बाहेर पडलेल्या मुलांचे गुणही पुढची चार वर्षं याच गटात धरायची राज्यांना मुभा दिली.

उलट, वर्षानुवर्षं बाहेरच न पडणारी मुलं असतात, त्यांना ‘लाँग टर्म’ म्हणतात. पहिलीत यादीत आलेलं नाव सातवीतही तिथेच. यांतली बरीच मुलं अमेरिकेतच जन्मलेली. बास्केटबॉलच्या कोर्टवर त्यांचं इंग्रजी ऐकून कुणाला शंकाही येणार नाही. अडतं ते बहुधा वाचन-लेखनाच्या त्या ७० टक्क्यांत.