लघुनियतकालिके (मराठी कवितेची)

कवींनी व त्यांच्या मित्रमंडळांनी पदरमोड करून काढलेली, कमी पानांची व बहुधा अनिश्चित अंतराने निघणारी नियतकालिके. मराठीत त्यांचा भर सु. १९५५ ते १९७५ या काळात होता. साठोत्तरी (१९६० नंतरच्या) पिढीतील बहुतेक महत्त्वाच्या कवींची सुरुवातीची कविता यांतच आली. त्यामुळे त्या कवींचे चरित्र लिहायचे तर या अंकांना टाळता येत नाही.

‘लघुनियतकालिक’ आणि ‘अनियतकालिक’ हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. पहिल्यात आकार सांगितला आहे, दुसऱ्यात वेळापत्रकाचा अभाव. ठरल्या तारखेला निघणारा छोटा अंक लघुनियतकालिक ठरेल, पण अनियतकालिक नव्हे. या नोंदीत पहिला शब्द घेतला आहे.

आरंभाविषयी एकमत नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदींनी मुंबईत काढलेल्या ‘शब्द’ या चक्रमुद्रित (स्टेन्सिलवरून छापलेल्या) अंकापासून चळवळ मोजण्याचा प्रघात आहे. त्याचे साल कुठे १९५४, तर कुठे १९५५ दिलेले आढळते. ‘१९५५ च्या सुमारास’ म्हणणे सुरक्षित. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ अशोक शहाणे यांच्या ‘असो’पासून (१९६३) होतो. ‘शब्द’ हा एका गटाचा अंक होता; ‘असो’नंतर मात्र ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘भारूड’, ‘विद्रोह’ असे अनेक गटांचे अंक पुढेमागे निघत गेले. चळवळ हा शब्द काटेकोरपणे वापरायचा तर दुसरे मत अधिक पटते. ‘सत्यकथा’ मासिकाच्या साक्षेपी संपादनाला असलेला विरोध हे कारण नेहमी दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. स्वस्तातली छपाई हाती आली नसती, तर तो विरोध बोलण्यापुरताच उरला असता.

चक्रमुद्रणासाठी मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल कागद लागतो. टंकयंत्राची रिबीन बाजूला केली की खिळे थेट मेणावर आपटतात, अक्षराच्या आकाराची फट पडते आणि तिच्यातून शाई खालच्या कागदावर झिरपते. टंकयंत्र नसेल तर पोलादी टोकाच्या लेखणीने हातानेच लिहावे लागते. देवनागरीत अडचण येते ती शिरोरेषेची. सलग ओढलेली रेघ म्हणजे स्टेन्सिलला दिलेला लांब चिराच. छपाईयंत्राचा ड्रम फिरू लागला की कागद तिथूनच फाटतो. म्हणून रेघ तुटक ओढायची किंवा गाळायची. ‘व’, ‘ठ’ यांच्या पोटातला तुकडा निखळला, तर तिथे काळा ठिपका उमटतो. चुकीवर दुरुस्तीचा द्रव लावून तो पुरता वाळू द्यावा लागतो. घाई केली तर भोक पडते. शाई जास्त झाली की वरच्या कागदाच्या पाठीवर डाग येतो. एका स्टेन्सिलवर काहीशे प्रती बऱ्या निघतात, पुढे अक्षरांच्या कडा फुगू लागतात. पाठभेद (एकाच कवितेच्या छापील रूपांतील फरक) तपासणाऱ्याने हे सारे ध्यानात ठेवावे. एखादी ओळ कवीने तोडली की कागदाच्या रुंदीने, हे पुढच्या आवृत्तीशी ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

या अंकांवर कोणाचे घर चालले नाही. उलट नोकरीच्या पगारातून कागद आला. कोलटकर जाहिरात व्यवसायात कलादिग्दर्शक होते, सतीश काळसेकर बँकेत, वसंत आबाजी डहाके अध्यापनात. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. संपादक, मुद्रितशोधक, वितरक आणि कवी अशी सगळी कामे बहुधा त्याच दोघातिघांवर पडत. नोंदणीकृत वृत्तपत्राची टपाल सवलत मिळत नसल्याने अंक बुकपोस्टाने किंवा हातोहात जात. पुस्तक होण्यास फार वेळ लागे. कोलटकरांची कविता १९५० च्या दशकापासून छापली जात होती. त्यांचा पहिला मराठी संग्रह मात्र १९७७ साली, शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’तर्फे आला. ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) त्यामानाने लवकर निघाला.

मुंबईबाहेर औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) ‘वाचा’ विशेष महत्त्वाचे. संपादकांच्या नावांत कवयित्री क्वचितच दिसतात. १९८५ पासून धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी चालवलेले ‘कविता-रती’ हे कवितेलाच वाहिलेले, पण नियमित द्वैमासिक असल्याने या चळवळीतील अनियमित अंकांपासून वेगळे धरावे. नव्वदच्या दशकात ‘शब्दवेध’, ‘अभिधा’ (पुढे ‘अभिधानंतर’), ‘सौष्ठव’ यांनी संगणकीय अक्षरजुळणीच्या काळात नवी पिढी पुढे आणली.

अनेक अंकांवर तारीख किंवा क्रमांक नाही. अशा वेळी वेष्टनावरील टपालशिक्का, आतील पुस्तकांच्या जाहिराती आणि पोच म्हणून नोंदवलेले इतर अंक यांवरून काळ ठरवावा. टपालशिक्का सर्वांत भरवशाचा. मात्र बांधणी करताना ग्रंथालये वेष्टन काढून टाकतात, म्हणून सुटी प्रत मिळाल्यास ती तशीच जपावी.