डायबेटीस, प्रीडायबेटीस आणि व्यायाम

रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला नेमाने केलेली शारीरिक हालचाल, मग ते चालणं असो, पोहणं, सायकल किंवा वजनं उचलणं, ही डायबेटीसच्या उपचाराचाच भाग आहे, गोळ्यांना जोडलेलं शेपूट नव्हे. गोव्यात हा विषय घराघरातला, कारण २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या डायबेटीस पाहणीत डायबेटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, आणि देशाची सरासरी होती ११.४.

साखर पेशीत शिरायला इन्सुलिन लागतं हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण स्नायू कामाला लागला की ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतात, म्हणजे ज्यांचं इन्सुलिन नीट चालत नाही त्यांच्याकडेही ही दुसरी वाट शाबूत असते, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. व्यायाम थांबल्यावरही स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात, मात्र हा फायदा दोन-तीन दिवसांत ओसरतो. म्हणून लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. रविवारी मिरामारच्या किनाऱ्यावर तासभर चालायचं आणि बाकी आठवडा कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरनेच जायचं, याने भागत नाही.

आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, आणि दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग आपल्याकडे, विशेषतः बायका आणि वयस्कर माणसं, सोडूनच देतात, खरं तर साखर सगळ्यात जास्त मुरते ती स्नायूंतच. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं-बसणं, इथून सुरुवात करता येते.

प्रीडायबेटीस म्हणजे डायबेटीसचा उंबरठा: उपाशीपोटीची (फास्टिंग) साखर १०० ते १२५ मिग्रॅ/डेली किंवा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ५.७ ते ६.४ टक्के. इथे तर व्यायामाला खूपच वाव. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या चाचणीत आहार, व्यायाम आणि वजन कमी करणं यांनी डायबेटीस होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या डायबेटीसच्या गोळीने ३१. चेन्नईच्या २००६ च्या चाचणीत फरक लहान होता, जीवनशैलीने २८.५ आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के, तरी गोळीच्या बरोबरीचा होताच.

गोव्यात दुपारी शीत-कडी जेवून लगेच आडवं व्हायची सवय, आणि नेमकी तेव्हाच साखर चढत असते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर ती चढण बरीच बसते. शतपावली आपल्याकडे होतीच, ती थोडी लांबवायची, उन्हात किंवा जून ते सप्टेंबरच्या पावसात बाहेर पडता येत नसेल तर व्हरांड्यात. चतुर्थीतली फुगडीही चांगलाच व्यायाम, गुडघे साथ देत असतील तर.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. मीटरवर ७० च्या खाली दिसली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची, म्हणून खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या. पायांची जाणीव कमी झालेल्यांनी किनाऱ्यावर अनवाणी चालू नये, वाळू भाजते, शिंपला टोचतो, आणि कळत नाही. घरी आल्यावर तळवे बघायचे, नीट दिसत नसतील तर आरसा धरून.