जुनं आर्च फॉरमॅट न मारता अपडेट करायचं तर एवढे अडथळे कुठून आले

आर्च लिनक्सचं (टप्प्यांच्या आवृत्त्या नसलेली, सतत बदलत राहणारी ऑपरेटिंग सिस्टीम) मशीन तीन-चार वर्षं धूळ खात पडलं असेल आणि कोणी विचारलं की आता कसं अपडेट करू, तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं, सोड ना, होम फोल्डर वाचव आणि नवीन टाक. सल्ला चुकीचा नाही पण आळशी आहे. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवाल्यांना टप्पे असतात, १० वरून ११, ११ वरून १२, मधला गाळायचा नाही एवढं पाळलं की बहुतेक वेळा निभावतं. आर्चच्या रेपोत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्यात, फक्त आजचा माल असतो, त्यामुळे जुन्या मशीनला दीड हजार पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) जड जात नाहीत, जड जातात मधल्या वर्षांत झालेले चार-पाच बदल, ज्यांच्या सूचना त्या-त्या आठवड्यात अपडेट मारणाऱ्यांसाठी लिहिल्या होत्या.

सुरुवातीचं पटकन उरकतो. जुलै २०१२ मध्ये लिब डिरेक्टरी (सिस्टीमच्या लायब्ररींची जागा) हलवून तिथे नुसती सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारी खूण, ठेवली, जून २०१३ मध्ये बिन आणि एसबिन या प्रोग्रामच्या डिरेक्टरींचंही तेच झालं, आणि या दोन्हींच्या मधे मशीन सुरू करणारं सिस्टमडी आलं. लिबच्या वेळी, असलेल्या फाइलवर जबरदस्तीने लिहिणारा फोर्स फ्लॅग वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असूनही लोकांनी वापरलं, मग सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती जीलिबसी लायब्ररी जागेवरून गेली आणि फाइलींची यादी दाखवणारं साधं एलएस सुद्धा चालेना. तो फ्लॅग बदलून फाइल नेमकी सांगावी लागणारा ओव्हरराइट यायला २०१८ उजाडलं. मशीन ३२ बिट असेल तर विषयच संपला, नोव्हेंबर २०१७ ला सपोर्ट बंद झाला.

खरी मेख सह्यांची आहे. २०११ पर्यंत पॅकमन (आर्चमध्ये पॅकेज टाकणारा प्रोग्राम) पॅकेजवरची डिजिटल सही तपासतच नव्हता, म्हणजे मिरर (रेपोची प्रत ठेवणारा सर्व्हर) चालवणाऱ्याने पॅकेज बदलून ठेवलं असतं तर आपल्याला कळायला मार्ग नव्हता. २०११ च्या सुरुवातीला यावरून चांगलंच जाहीर भांडण झालं. एक बाजू म्हणे वर्षानुवर्षं मागतोय, कोणी ऐकत नाही, दुसरी म्हणे मागणारे ढीगभर आहेत, कोड लिहून देणारा कोण आहे ते सांगा. (दोघंही खरं बोलत होते असं मला वाटतं, पण धोका तर सगळ्यांच्याच मशीनला होता ना.) ऑक्टोबर २०११ ला पॅकमन ४ मध्ये सोय आली आणि २०१२ च्या मध्याला अधिकृत रेपोंसाठी तपासणी सुरू झाली.

वाद खरं तर पद्धतीवरून व्हायला हवा होता. डेबियन, फेडोरा यांनी सही करायला प्रोजेक्टचीच की (सहीची डिजिटल किल्ली) ठेवली. आर्चने ते टाळलं, इथे पॅकेज बनवणारा प्रत्येक पॅकेजर स्वतःच्या कीने सही करतो आणि वर पाच मास्टर की, त्यातल्या किमान तीन जणांनी मान्य केलं तरच त्या पॅकेजरवर विश्वास. एका माणसाच्या हातात सगळं नको हा विचार उत्तमच. पण पॅकेजर येतात-जातात, कीला एक्स्पायरी असते, म्हणून विश्वासू लोकांची यादी हेच एक पॅकेज झालं, कीरिंग, आणि ते मशीनसोबत शिळं होतं. रोज अपडेट मारणाऱ्याला याची झळही लागत नाही, दोन वर्षांनी मशीन उघडणाऱ्याला मात्र सगळी पॅकेजेस खराब आहेत असा एरर येतो, खरं तर पॅकेजेस धडधाकट असतात. हा खर्च कोणावर पडणार याचा विचार तेव्हा पुरेसा झाला नाही हे माझं मत आहे.

त्यातून मग सिगलेव्हल नेव्हर, म्हणजे सही तपासणंच बंद, करून टाका हा भयानक उपाय रूढ झाला, म्हणजे भांडून मिळवलेलं एका ओळीत सोडून द्यायचं. योग्य रस्ता म्हणजे आधी एकटं कीरिंग पॅकेज टाकायचं आणि लगेच मागोमाग पूर्ण अपडेट. आता गंमत अशी की अर्धवट अपडेट करू नका हा आर्चचा पहिला नियम, आणि जुनं मशीन जिवंत करायची पहिली पायरी हा त्याचाच अपवाद. चालतं, कारण त्या पॅकेजात मुख्यतः चाव्यांचा डेटा असतो, लायब्ररीशी बांधलेलं काही नसतं. पण नव्या कीरिंगवर सही करणाराच जुन्या यादीत नसेल तर? मग आर्चच्या आर्काइव्हमधले जुन्या तारखांचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या दिवशीचा रेपो जसाच्या तसा, लावून वर्ष-वर्ष पुढे सरकायचं, आणि तिथेही आजच्या तारखेला जुन्या की एक्स्पायर झालेल्या असतात, म्हणून काही जण मशीनचं घड्याळच मागे नेतात, आणि मग एचटीटीपीएस रुसतं, कारण त्याच्या प्रमाणपत्रांनाही तारखा असतात.

सर्व्हरवरून की रिफ्रेश करा हा जुना सल्लाही आता निकामी आहे. जुन्या सेटिंगमध्ये ज्या कीसर्व्हर पूलचा (की वाटणाऱ्या सर्व्हरांच्या गटाचा) पत्ता असतो त्याच्या नेटवर्कवर २०१९ मध्ये बोगस सह्यांचा मारा झाला आणि २०२१ ला तो पूल बंदच पडला. २०२२ पासून एक टायमर आपोआप की ताज्या करतो, पण बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये टायमर कुठून चालणार.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीपासून पॅकेजेस झेडस्टँडर्ड या दाबून भरण्याच्या नव्या पद्धतीत यायला लागली. आकार साधारण ०.८ टक्के वाढला, उलगडण्याचा वेग सुमारे १३०० टक्के, निर्णय म्हणून तक्रारीला जागाच नाही. फक्त २०१८ च्या सप्टेंबरआधीची लिबआर्काइव्ह (पॅकेज उलगडणारी लायब्ररी) असेल तर नवीन पॅकमन वाचताच येत नाही, पेटीची किल्ली पेटीतच. तेव्हा सुटका म्हणून स्टॅटिक बिल्ड केलेला पॅकमन सुचवला गेला, जो सिस्टीमच्या लायब्ररींवर अवलंबून नसतो, आणि तो होता एका व्हॉलंटियरच्या खाजगी रेपोत. सही होती, ठीक आहे, पण एवढ्या मोठ्या बदलाची मागची वाट अशी एका माणसावर सोडलेली मला तरी खटकते. आजही २०१८ आधीच्या मशीनवर कीरिंगच्याही आधी तेच लागू शकतं.

अलीकडचे दोन त्यामानाने सोपे. मे २०२३ ला कम्युनिटी रेपो एक्स्ट्रात विलीन झाला, जुना रिकामा ठेवला होता, तो मार्च २०२५ ला पुसून टाकला, त्यामुळे पॅकमनच्या कॉन्फिगमध्ये ती ओळ राहिली असेल तर डेटाबेस सिंकच फेल होतो आणि लोक मिररला शिव्या घालत बसतात. नवं कॉन्फिग घेऊन आलेली पॅकन्यू फाइल शेजारीच पडलेली असते, ती उघडतो कोण. आणि जून २०२५ ला हार्डवेअरला लागणाऱ्या फर्मवेअरचं पॅकेज फोडून वेगवेगळं केलं, तिथे जुन्यावरून येताना एनव्हिडियाच्या फाइल आधीच आहेत असा एरर येतो. इथे ओव्हरराइट मारायचं नाही, आधी जुनं फर्मवेअर डिपेन्डन्सी न तपासता काढायचं, मग पूर्ण अपडेटसोबत नवीन टाकायचं, आणि या दोन कमांडच्या मधे रीबूट करायचं नाही.