मोची आणि वागाशी: जपानमधलं सणवाराचं गोडधोड

मोची म्हणजे चिकट तांदळाचा भात कुटून केलेला जपानी गोळा (चपला शिवणाऱ्या मोचीशी काही संबंध नाही). वागाशी म्हणजे एकूणच तिथलं पारंपरिक गोडधोड, हा शब्द मेइजी काळात (१८६८ ते १९१२) परदेशी केक-बिस्किटांपासून वेगळं ओळखायला रूढ झाला. आपल्याकडे मोची म्हटलं की आइस्क्रीम भरलेला गुलाबी गोळा डोळ्यासमोर येतो, पण मूळ मोची गोड नसतेच, गोडवा असतो तो अंकोचा, म्हणजे अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याच्या पुरणाचा.

डिसेंबरच्या शेवटी मोची कुटतात. भिजवलेला मोचिगोमे तांदूळ वाफवून उखळात टाकायचा, एकाने लाकडी हातोडा हाणायचा आणि दोन घावांच्या मधल्या क्षणात दुसऱ्याने ओल्या हाताने गोळा उलटायचा, ताल चुकला की बोटं गेलीच म्हणून समजा. २९ तारखेला मात्र बरेच जण कुटत नाहीत कारण नऊचा उच्चार 'कु' आणि 'कु' म्हणजे दुःखही, आणि ३१ ला घाईघाईत करणंही बरं मानत नाहीत.

मग दोन गोळे एकावर एक ठेवून वर दाइदाइ नावाचं संत्र्यासारखं फळ, ही झाली कागामी मोची, नववर्षाच्या देवासाठी. दाइदाइचा दुसरा अर्थ 'पिढ्यानपिढ्या', म्हणून तेच फळ. ती सुकून तडकते, बऱ्याच ठिकाणी ११ जानेवारीला हातोडीने फोडून अझुकीच्या गोड सूपमध्ये खातात. सुरी लावत नाहीत, सामुराई घरांत सुरी म्हटलं की पोट फाडून घेणंच आठवायचं, आणि 'फोडणे' हेही अशुभ म्हणून 'उघडणे' म्हणतात. नववर्षाच्या ओझोनी सूपमध्ये तोक्योकडे चौकोनी भाजलेली मोची तर क्योतोकडे गोल मोची आणि पांढरा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. दरवर्षी मोची घशात अडकून म्हातारी माणसं दगावतात, त्यामुळे तोक्योचं अग्निशमन दल बारीक तुकडे करून खा असं बजावत असतं.

३ मार्चला मुलींचा सण, तेव्हा गुलाबी-पांढरी-हिरवी शंकरपाळ्याच्या आकाराची हिशीमोची. चेरी फुलली की साकुरामोची, खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली, आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखीच सगळी मजा पानाच्या वासात. हे पान खाल्लं तरी चालतं, ५ मेच्या काशिवामोचीचं ओकचं पान मात्र सोलून टाकायचं. ओकची नवी पालवी फुटेपर्यंत जुनं पान गळत नाही, म्हणजे वंश चालू राहणार, म्हणून ते मुलांच्या सणाला.

सगळ्यात गमतीशीर म्हणजे दिवसरात्र समान असतात त्या दिवसांत पितरांना दाखवायचा अंको लावलेला भाताचा गोळा. तो वसंतात बोतामोची, बोतान या फुलावरून, आणि शरदात ओहागी, हागीच्या फुलावरून. पदार्थ तोच, बदललं फक्त फूल!

१८७३ मध्ये जपानने ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं तसे बहुतेक सण इंग्रजी तारखांना चिकटले, चंद्रदर्शनाचा त्सुकिमी मात्र अजून जुन्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्रीच. त्या रात्री पंधरा पांढरे दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे रचतात, शेजारी सुसुकी गवताचे तुरे. बहुतेकदा तो आपल्या कोजागरीच्या महिनाभर आधी येतो, पण २०२५ मध्ये दोन्ही एकाच रात्री आले, ६ ऑक्टोबरला, इकडे मसाला दूध आणि तिकडे दांगो.