उणे वीस बरं, उणे एक वाईट

माझी भाची कॅनडातल्या मॉन्ट्रियलला असते. अनगोळात वाढलेली पोर. बर्फ म्हणजे तिला उसाच्या रसातला, नाहीतर मटका कुल्फीवाल्याकडचा, एवढाच ठाऊक. जानेवारीत एका रात्री तिचा फोन आला, "मामा, आज पडलो की ओ." (आमच्या बेळगावात मुलीही 'आलो', 'पडलो' म्हणतात, पुण्याकडच्यांनी दचकू नये.) मनगट सुजलं होतं, हाड शाबूत होतं. थंडी किती होती म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तेच तर सांगायलोय. आठवडाभर उणे बावीस होतं. रोज बसथांब्यापर्यंत चालत गेलो, काही झालं नाही. आज उणे एक. लोक कोटाची बटणं सोडून हिंडत होते. आणि आजच आपटलो!"

उद्यमबागेतल्या कारखान्यांत मी तीस वर्षं लेथ आणि ग्राइंडिंग मशिनांपाशी काढली. तिचं ऐकून मला बर्फाआधी बेअरिंग आठवलं. दोन पृष्ठभाग एकमेकांना घासतात तेव्हा ते घट्ट धरतात की सटकतात, हे त्या दोन वस्तूंपेक्षा त्यांच्या मध्ये काय आहे यावर ठरतं. मध्ये तेलाचा पातळ थर असला की लोखंडावर लोखंड लोण्यासारखं फिरतं. प्रश्न एवढाच, की बर्फावर हे वंगण आणून ओततं कोण?

शाळेत आम्हाला उत्तर मिळालं होतं, ते असं. पाणी गोठताना फुगतं, म्हणून बर्फ दाबला की उलट वितळतो. पायाच्या दाबानं पाणी सुटतं आणि आपण घसरतो. आयर्लंडच्या जॉन जोलीनं १८८६ मध्ये स्केटिंगच्या पात्यासाठी हीच उपपत्ती मांडली होती. ऐकायला गोड आहे, पण हिशोबाला बसत नाही. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशानं खाली आणायला हवेच्या दाबाच्या सुमारे १३० पट दाब लागतो. साठ किलोचं माणूस एका बुटावर उभं राहिलं, बुटाचा तळ दीडशे चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब येतो हवेच्या दाबाच्या जेमतेम चार दशांश. त्यानं वितळणबिंदू खाली येतो एका अंशाच्या हजार भागांतल्या तीन भागांनी! पात्याची धार अरुंद, तिथं दाब बराच जास्त, तरी काही अंशांपलीकडे जात नाही. आणि लोक उणे वीसलाही स्केटिंग करतातच.

खरा धागा त्याच्याही आधी मायकेल फॅरडेच्या हाती लागला होता. १८५० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं दाखवलं की बर्फाचे दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले तरी चिकटून एक होतात. म्हणजे बर्फाच्या अंगावर मुळातच पाण्यासारखा एक पातळ पापुद्रा असणार, आणि दोन तुकड्यांच्या बेचक्यात सापडला की तो गोठणार. फ्रीजमधले दोन खडे घेऊन हा प्रयोग आपल्यालाही करता येतो.

हा पापुद्रा का असतो? शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत खडेबाजारात उभं राहिलेल्याला हे चटकन कळेल. गर्दीच्या मध्यभागी अडकलेल्याला चारी बाजूंनी माणसं, हात हलवायची सोय नाही. कडेला उभा असतो त्याला एक बाजू मोकळी. तो वळतो, सरकतो, शेंगा घेऊन येतो. बर्फातल्या आतल्या रेणूंना सगळीकडून शेजाऱ्यांनी पकडलेलं असतं, वरच्या रेणूंना वरून कोणीच नाही. ते सैल असतात, जागच्या जागी डोलतात, लोळतात. तापमान शून्याकडे येऊ लागलं की हा सैलपणा वाढतो आणि थर जाड होतो. कडाक्याच्या थंडीत तो आक्रसतो. त्यात घासण्याची उष्णता भर घालते. केंब्रिजचे बॉडन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये, स्वित्झर्लंडच्या युंगफ्राऊ खिंडीतल्या बर्फाच्या गुहेत प्रयोग करून, सरकत्या वस्तूखालचा बर्फ घर्षणाच्या उष्णतेनं वितळतो हे दाखवलं. कुठला वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही. पण बर्फ आपलं वंगण आपणच आणतो, यावर वाद नाही.

आता भाचीचं कोडं. २०१८ मध्ये ॲम्स्टरडॅम आणि माइंझच्या संशोधकांनी बर्फावर पोलादी गोळी सरकवून मोजमाप केलं. सर्वांत कमी घर्षण आलं उणे सातच्या आसपास. उणे शंभरला तोच बर्फ मुळीच निसरडा उरला नाही. शून्याच्या अगदी जवळ बर्फ मऊ पडतो आणि पोलाद त्यात रुततं, म्हणून तिथं घर्षण पुन्हा थोडं वाढतं. बुटाचा किंवा टायरचा रबर मात्र पोलादासारखा रुतत नाही. त्याच्यासाठी सर्वांत वाईट म्हणजे शून्याला टेकलेला, वर पाण्याचा थर धरलेला ओला बर्फ. दक्षिण ध्रुवाकडे घसरगाड्या ओढत गेलेल्या लोकांनी लिहून ठेवलंय की फार थंडीत बर्फ वाळूसारखा होतो, घसरगाडी पुढं सरकतच नाही. म्हणून उणे बावीसला माझी भाची ठणठणीत आणि उणे एकला जमिनीवर.

हे नुसतं कॅनडाचं कौतुक नाही. बेळगावचा कुठलाही दुचाकीवाला सांगेल की इथंही मधली अवस्थाच घात करते. एप्रिल-मे मधला वळीव घ्या. चार-पाच महिने रस्ता कोरडा. त्यावर गाड्यांचं गळलेलं तेल, टायरची झिजलेली भुकटी, आमच्या पश्चिम भागातली तांबड्या मातीची बारीक धूळ. वळवाचे पहिले टपोरे थेंब पडले की या सगळ्याचं सारण होतं. अर्धा तास धो-धो कोसळला तर ते वाहून गटारात जातं, आणि मग रस्ता नुसता ओला राहतो. नुसता ओला रस्ता बराच धरतो. पण चार थेंब पडून पाऊस गेला की समजावं, आता रस्त्याला ग्रीस लावून ठेवलंय. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींतूनही हेच निघालं: आधी जितके दिवस कोरडे गेलेले, तितका नंतरचा पाऊस धोक्याचा. सांगायला लाज वाटते, पण मागच्या मे महिन्यात, मातीचा वास घेत घेत, मीच टिळकवाडीतल्या रेल्वे गेटावर स्कूटरसकट आडवा झालो. ओला रूळ, त्यावर तिरपं चाक आणि वर ब्रेक. वंगणाचं शास्त्र तीस वर्षं पोटापाण्यासाठी वापरलेल्या माणसानं तीन चुका एका दमात केल्या. रूळ काटकोनात ओलांडायचा, ब्रेक आधी मारायचा, रुळावर हँडल वळवायचं नाही, हे गेटजवळची शाळकरी पोरंही जाणतात.

आकडे बघितले की फरक अंगावर येतो. घर्षणांक म्हणजे पृष्ठभाग किती धरतो त्याचं माप. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७, ओल्यावर ०.४, चेपलेल्या हिमावर ०.२ आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी, ब्रेक लागल्यापासून, कोरड्या रस्त्यावर ९ मीटरमध्ये थांबते. ओल्यावर १६ मीटर, हिमावर ३१ आणि बर्फावर ६३ मीटर. म्हणजे एकामागं एक उभ्या केलेल्या पाच बस! ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागतो, त्यात आणखी ११ मीटर गेले. वेग निम्मा केला तर हे ब्रेकचं अंतर चौथाईवर येतं. थंड देशांत बर्फावर गाडी चालवायचं सारं तंत्र यातूनच निघतं: पुढच्या गाडीपासून लांब राहा, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर अंड्यावर पाय ठेवल्यासारखे वापरा, वळणाआधीच वेग उतरवा. टायरही वेगळे लागतात, कारण साधा रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतो. हिवाळी टायरचा रबर मऊ राहतो आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. मॉन्ट्रियल ज्यात येतं त्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर सक्तीचेच आहेत.

पण भाचीकडं गाडी नाही. ती चालते, आणि चालणं हे गाडीपेक्षा अवघड काम. नेहमीच्या चालीनं सपाट जागी चालायला साधारण ०.२ घर्षणांक लागतो. ओला बर्फ देतो त्याच्या निम्मासुद्धा नाही. मग मागणीच कमी करायची. लांब टांग टाकली की टाच तिरपी टेकते आणि पायाचा जोर पुढं ढकलला जातो. पाऊल आखूड टाकलं, तळवा पूर्ण सपाट टेकवला आणि अंगाचा भार पुढच्या पायावर घेतला की जोर जवळजवळ सरळ खाली जातो. पेंग्विन असाच चालतो, म्हणून तिकडं 'पेंग्विनसारखं चाला' असंच सांगतात. मी तिला सांगितलं, पेंग्विन राहू दे, तुझी आजी खानापूरच्या भातशिवारात रोपांची पेंडी घेऊन बांधावरून कशी जायची ते आठव. गुडघे थोडे वाकलेले, पावलं वीतभर, घाई नाही. हात मात्र खिशात घालायचे नाहीत, तोल सावरायला मोकळे हवेत. आणि पडायचंच झालं तर तळहात टेकून पडू नये. सगळा भार मनगटावर येतो आणि तिथलंच हाड आधी मोडतं. कुशीवर किंवा बैठकीवर पडलेलं बरं. हे तिला पडल्यावर सांगितलं, आधी सुचलं नाही.

बुटांचाही प्रश्न असतोच. टोरोंटोच्या एका पुनर्वसन संशोधन केंद्रात बर्फाची फरशी असलेली कलती खोली आहे. माणसाला बूट घालून, वरून दोरीनं सांभाळून, तिच्यात चालवतात आणि उतार वाढवत नेतात. ७ अंशांच्या उतारावर न घसरणारा बूट पास. २०१६ मध्ये पहिले निकाल आले तेव्हा हिवाळी म्हणून विकले जाणारे बहुतेक बूट नापास झाले. जाड, उबदार, महागडे, आणि तळ कडक! मऊ, खरखरीत तळ हवा, किंवा वरून ओढून घालायचे लोखंडी दात.

दिसत नाही तो बर्फ सगळ्यात लबाड. आकाश निरभ्र असलं की रस्ता रात्री आपली उष्णता वर फेकत राहतो आणि हवेपेक्षाही थंड होतो. हवामानखातं २ अंश सांगत असताना रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरलेला असतो. खालचं काळं डांबर दिसतं, म्हणून ओलं आहे एवढंच वाटतं. पूल तर आधी गोठतो. जमिनीची ऊब त्याला खालून मिळत नाही, वारा दोन्हीकडून लागतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा अधिकृत तापमान शून्याच्या बरंच वर असतं. गोठतं ते हवेत नाही, गाडीच्या टपावर आणि गवताच्या पात्यावर. बेळगावात गोठण्यापर्यंत मजल जात नाही, दहिवरावरच भागतं. मात्र ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे निपाणी-चिकोडीकडं दुचाकीनं गेलात तर ट्रॉल्यांमधून सांडलेलं पाचट आणि त्यावरचं दहिवर या जोडीला मी तरी त्या काळ्या बर्फाचा सख्खा भाऊ मानतो. त्यात टायरांनी शेतातून आणलेला चिखल असतोच.

मॉन्ट्रियल महापालिका बर्फाशी कशी लढते ते ऐकून मला मौज वाटली. फुटपाथवर छोटे ट्रॅक्टर फिरतात. रस्त्यावरचा बर्फ ट्रकमध्ये भरून नेतात, आणि त्याआधी भोंगा वाजतो: गाड्या हलवा, नाहीतर उचलून नेऊ. मग मीठ टाकतात. मिठाचं काम आमच्या पॉट आइस्क्रीमवाल्याला विचारा. बर्फात खडे मीठ घातल्यावर बर्फ वितळू लागतो, तरी मिश्रण शून्याच्या खाली जातं. मिठाचे कण पाण्यात मिसळले की पाण्याच्या रेणूंना पुन्हा बर्फाच्या चौकटीत बसणं अवघड होतं. भरपूर मीठ घातलं तर उणे २१ अंशांपर्यंत पाणी गोठत नाही. तिथं कुल्फी गोठवायला बर्फ वितळवतात, इथं रस्ता मोकळा करायला, मीठ तेच. पण रस्त्यावर एवढं मीठ ओतणं परवडत नाही, आणि उणे दहाच्या खाली त्याचं काम फारच मंदावतं. शिवाय गाड्यांचे पत्रे खातं आणि वाहून नदी-तळ्यांत जातं. म्हणून कडाक्याच्या थंडीत मीठ ठेवून खडी-वाळू टाकतात. ती काही वितळवत नाही, नुसती मध्ये येते.

हे ऐकून मला बरं वाटलं. शॉपमध्ये तेल सांडलं की आम्हीही फाउंड्रीतली वाळू टाकायचो, पुसत बसायचो नाही. तर भाचीला म्हटलं, दारातल्या पायऱ्यांसाठी एक वाळूची बादली भरून ठेव.

"वाळू कुठनं आणू मामा, सगळी बर्फाखाली आहे. शेजारची म्हातारी मांजराच्या शौचाची वाळू टाकते, तीच पाच किलो घेऊन आलोय."
"मांजर आहे काय गं तुझ्याकडं?"
"न्हाई ओ. दुकानदारानंपण हेच विचारलं."