शेवटच्या दिवसांची शुश्रूषा आणि ‘दयामरण’ या शब्दाचा गुंता

नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या वॉर्डात असो वा नर्सिंग ब्युरोमार्फत ठेवलेल्या अटेंडंटच्या भरवशावर घरी असो, मरणासन्न रुग्णाजवळ सर्वाधिक तास असतात ते परिचर्या सहायक, म्हणजेच वॉर्डातल्या मावशी आणि मामा. कूस बदलणे, अंग पुसणे, चादर बदलणे ही कामे त्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. ते अडतात एका प्रश्नापाशी: रुग्णाने अन्न सोडले आणि डॉक्टरांनीही नाकातून नळी नको असे ठरवले, तर आपण त्याला उपाशी मारतो आहोत का? या भीतीचे मूळ बऱ्याच अंशी 2011 च्या एका निकालात आणि त्याबरोबर घराघरांत पोहोचलेल्या एका शब्दात आहे.

मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयातील परिचारिका 1973 मधील हल्ल्यानंतर चार दशके अंथरुणाला खिळून होती. तिला अन्न देणे थांबवावे, अशी मागणी रुग्णालयाबाहेरील एका व्यक्तीने केली. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या व्यक्तीला न देता, तिची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिला. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही, ही त्या काळी गाजलेली गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकातील धड्याहून मोठी आहे. मात्र त्याच निकालाने ‘निष्क्रिय दयामरणा’ला, म्हणजे जगवून ठेवणारे उपचार थांबवण्याला, काटेकोर अटींसह वाट करून दिली. वृत्तपत्रांनी त्यासाठी कधी ‘दयामरण’, कधी ‘इच्छामरण’ हे शब्द वापरले आणि उपचार थांबवणे व मारणे या दोन गोष्टी वाचकांच्या मनात एक झाल्या. मूळ घोटाळा असा, की ती स्त्री मरणपंथाला लागलेलीच नव्हती. तिचे शरीर अन्न पचवत होते. ज्याचे शरीर स्वतःहून मिटत चालले आहे, त्या रुग्णाला तिचा दाखला लागू करणे चूक आहे. अखेरच्या दिवसांत भूक आजारामुळे जाते, आणि बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो.

9 मार्च 2018 रोजी न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि उपचारांविषयीचे आगाऊ इच्छापत्र वैध ठरवले. त्याच वर्षी देशातील एका संशोधन संस्थेने ‘निष्क्रिय दयामरण’ हा शब्दप्रयोगच टाळावा असे सुचवले; ती सूचना वॉर्डापर्यंत पोहोचली असती तर बरेच गैरसमज टळले असते. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही आणण्याची अट व्यवहारात फार जड गेली, म्हणून 24 जानेवारी 2023 रोजी ती काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे मानले गेले.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषा केंद्राची, सुरुवात 1967 मध्ये लंडनला झाली, मुंबईत असे केंद्र 1986 मध्ये उघडले आणि 1993 पासून केरळमधील कालिकतला घरपोच शुश्रूषेची चळवळ उभी राहिली. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याने मॉर्फिन हे अफूपासून मिळणारे वेदनाशामक इतके दुर्मीळ केले, की 2014 च्या दुरुस्तीपर्यंत असंख्य कर्करुग्ण वेदनेतच गेले. त्याची सावली अजून आहे: “अफू देऊन झोपवू नका,” असे नातेवाईक आजही म्हणतात आणि मावशीही मान डोलावते.

सहायकांसाठीच्या जनरल ड्युटी असिस्टंट अभ्यासक्रमात मृत्यूनंतर देहाची काळजी घेण्याचा स्वतंत्र घटक घातला गेला. मृत्यूच्या आदल्या आठवड्यालाही तेवढेच महत्त्व मिळायला हवे होते. मराठीला तो आठवडा ठाऊक आहे. ‘घरघर लागली’, ‘ऊर्ध्व लागला’ हे शब्द उगाच रुळलेले नाहीत. घरघर ऐकून नातेवाईक सक्शन, म्हणजे घशातला स्राव नळीने ओढून काढणे, मागतात, परंतु वारंवार नळी घातल्याने रुग्णाला त्रासच होतो. त्याऐवजी कुशीवर वळवून डोके थोडे उंच केले की आवाज बहुधा कमी होतो. तोंडात गंगाजल घालण्याची घाई होते तेव्हा चमच्याऐवजी ओला कापूस ओठांवरून फिरवावा. त्याने ठसका लागत नाही आणि घरच्यांचा विधीही पार पडतो. नागपूरच्या मे महिन्यात हे ओठ तासाभरात पुन्हा कोरडे पडतात.