सॅम्पल्ड ग्रँड पियानो

सॅम्पल्ड ग्रँड पियानो : खऱ्या ग्रँड पियानोचा एकेक स्वर कमीजास्त जोराने वाजवून ध्वनिमुद्रित करायचा, आणि ते शेकडो-हजारो तुकडे संगणकात अशा रीतीने मांडायचे की कीबोर्डची पट्टी दाबताच नेमका साजेसा तुकडा वाजावा, अशा प्रकारचे सॉफ्टवेअर. संगीतनिर्मितीत ते बहुधा ध्वनिमुद्रणाच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या आत प्लग-इन म्हणून चालते. मुंबईतल्या स्टुडिओंत त्याला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही. ‘पियानोची लायब्ररी’ किंवा नुसते ‘इथे पियानो लाव’ एवढ्यावर भागते. खरा पियानो हवा असेल तर मात्र ‘अकूस्टिक’ हा शब्द मुद्दाम जोडावा लागतो. नक्कल किती रुळली आहे, ते यावरून कळावे.

रचना

पियानोला 88 पट्ट्या असतात. सगळ्यात खालच्या स्वराची कंपनसंख्या 27.5 हर्ट्झ, सगळ्यात वरच्याची सुमारे 4186. पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे हटते. हळू आणि जोरात वाजवलेल्या स्वरांत फक्त आवाजाच्या पातळीचा फरक असता, तर प्रत्येक पट्टीचे एकच मुद्रण पुरले असते. पण जोराचा आघात झाला की नमदा दबून कडक होतो, वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरात मिसळलेले उंच बारीक स्वर, उसळतात आणि आवाजाचा रंगच पालटतो. म्हणून एकाच पट्टीची मुद्रणे अगदी हलक्या स्पर्शापासून दणक्यापर्यंत पायरीपायरीने घ्यावी लागतात. या पायऱ्यांना व्हेलॉसिटी लेअर म्हणतात.

कीबोर्ड संगणकाशी आकड्यांत बोलतो, त्या भाषेला मिडी म्हणतात. मिडी कीबोर्डच्या पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात, काही कीबोर्डांत तीन. पट्टी खाली जाताना पहिला मिटल्यापासून दुसरा मिटेपर्यंत किती वेळ गेला, एवढेच कीबोर्डला कळते. वेळ कमी तर जोर जास्त. हा जोर 1 ते 127 या आकड्यांत सांगितला जातो. समजा मध्य सप्तकातली पांढरी एक, म्हणजे मिडीच्या हिशेबातला 60 क्रमांकाचा स्वर, 72 जोराने वाजला. सॉफ्टवेअरकडे 16 पायऱ्या सारख्या वाटून ठेवलेल्या असतील, तर 65 ते 72 ही एक पायरी आणि 73 ते 80 ही पुढची. तेव्हा 72 आणि 73 यांत बोटाला काहीच फरक जाणवत नाही, पण यंत्र दोन वेगळी मुद्रणे उचलते. पायऱ्यांची डागडुजी नीट झालेली नसेल, तर संथ गाण्याच्या सुरुवातीला एकच स्वर दोनदा वाजवताना मध्येच कोणीतरी खिडकी उघडल्यासारखा आवाज उजळतो. लायब्ररी पारखायची असेल तर सुंदर धून वाजवून काही कळत नाही. एकच पट्टी वीसेक वेळा हळूहळू जोर वाढवत दाबून पाहावी.

पट्टी सोडल्यावर जे ऐकू येते त्याचीही वेगळी मुद्रणे असतात: तारेवर परत बसून तिला गप्प करणारी नमद्याची गादी म्हणजे डॅम्पर, लाकडी यंत्रणेची खुट्ट, पेडल दाबताना सगळे डॅम्पर एकदम उचलले जातात तो श्वासासारखा आवाज. नवशिक्याला हे आवाज दोष वाटतात आणि तो ते बंद करतो. बंद केल्यावर पियानो कागदी का वाटतो, हे त्याला मग समजत नाही.

सर्वांत अवघड भाग पेडलचा. सतार किंवा सारंगीची तरफ ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: एक तार छेडली की तिच्याशी सुरात जुळलेल्या दुसऱ्या तारा आपोआप बोलू लागतात. पियानोचे उजवे पेडल दाबले की सव्वादोनशेच्या आसपास सगळ्याच तारा मोकळ्या होतात आणि आख्खे वाद्य तरफेचे होऊन बसते. ही एकमेकींना दिलेली साद प्रत्येक स्वरसमूहागणिक वेगळी असते, त्यामुळे ती आधीच मुद्रित करून ठेवणे अशक्य. काही लायब्रऱ्या प्रत्येक स्वराची पेडल दाबलेली आणि न दाबलेली अशी दोन मुद्रणे देतात. काही जण अनुनाद त्या त्या वेळी गणिताने काढून मिसळतात. पेडल अर्धवट दाबून आस, म्हणजे स्वराची मागे रेंगाळणारी गुंज, थोडी राखायची आणि थोडी मारायची, हे खऱ्या वादकाचे रोजचे काम. त्यासाठी चालू-बंद एवढेच जाणणारे स्वस्त पेडल कुचकामी ठरते. 0 ते 127 अशा सगळ्या अवस्था पाठवणारे पेडल लागते, आणि लायब्ररीलाही त्या समजाव्या लागतात.

आकाराचा हिशेब सोपा आहे. 88 पट्ट्या, 16 पायऱ्या, पेडलच्या दोन अवस्था: एकूण 2816 मुद्रणे. 24 बिट (दर मोजमापाला 3 बाइट), 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला 48 हजार मोजमापे), स्टिरिओ असे धरले तर एका सेकंदाला 2 लाख 88 हजार बाइट लागतात. मुद्रण सरासरी 15 सेकंदांचे धरले तरी बेरीज 12 गिगाबाइटच्या वर जाते. त्यात मायक्रोफोन तारांजवळ, वादकाच्या कानाशी आणि दालनात दूर असे तीन ठिकाणी ठेवले, तर तिप्पट. एवढे सगळे संगणकाच्या स्मृतीत मावत नाही. म्हणून प्रत्येक मुद्रणाची फक्त सुरुवात स्मृतीत ठेवतात आणि ती वाजत असताना उरलेले डिस्कवरून ओढून घेतात. जुन्या फिरत्या डिस्कवर भरगच्च पेडलच्या जागी आवाज तुटायचा, तो याच कारणाने.

काटकसरीचा मार्गही आहे. सॅलमँडर ही मोफत लायब्ररी यामाहा सी 5 पियानोवरून केलेली आहे. तिच्यात 16 पायऱ्या आहेत, पण दर तिसरी पट्टीच मुद्रित केली आहे. म्हणजे मूळ स्वर 30 आणि मुद्रणे 480. मधल्या पट्ट्यांसाठी शेजारचे मुद्रण सुमारे 6 टक्के भरभर किंवा सावकाश फिरवले जाते. गर्दीच्या गाण्यात हे कोणाच्या बापाला कळत नाही.

इतिहास

पियानो 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने घडवला. मुद्रित आवाज पट्टीने वाजवायची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे: 1963 मध्ये आलेल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली सुमारे 8 सेकंदांची टेप असे. 1979 च्या फेअरलाइटने तेच काम संगणकावर आणले, पण तेव्हाच्या स्मृतीत पियानोसारखे लांब घुमणारे वाद्य बसणे कठीण होते. स्टीव्ही वंडर यांच्याशी झालेल्या बोलण्यातून रे कुर्झवाइल यांनी बनवलेला कुर्झवाइल 250 हा कीबोर्ड 1984 मध्ये आला आणि सॅम्पल केलेला पियानो पहिल्यांदा पियानो म्हणून पटला. 1988 च्या कॉर्ग एम 1 या कीबोर्डमध्ये पियानोसह सगळ्या वाद्यांसाठी मिळून 4 मेगाबाइट स्मृती होती. तरीही त्याचा टणटणीत पियानो नृत्यसंगीतात इतका रुजला की आज लाखो पट मोठ्या डिस्क असलेले लोक तोच आवाज मुद्दाम शोधतात. खरी उडी 1998 मध्ये गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरने मारली: डिस्कवरून वाजवण्याची वर सांगितलेली युक्ती त्याचीच. पुढे मोठ्या कंपन्यांनी नामांकित दालनांत नामांकित पियानो मुद्रित केले. गॅरिटन कंपनीने यामाहा सीएफएक्स लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मुद्रित करून 2014 मध्ये विक्रीस आणला.

मुंबईत

मुंबईला पियानो परका नाही. पारशी आणि ख्रिस्ती घरांत, वांद्र्याच्या बंगल्यांत, गिरगावच्या खोताच्या वाडीत तो पिढ्यान्‌पिढ्या होता. धोबी तलावचे फुर्टाडोज हे वाद्यांचे आणि स्वरलिपींचे दुकान 1865 पासूनचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोमंतकीय आणि पारशी वादकांनी पियानो वाजवला, तो ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या मोठ्या स्टुडिओंत. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात आजही मैफलीचे ग्रँड वाजतात. पण हे सगळे ठरावीक पत्त्यांवर.

बाकीच्या मुंबईत त्याला जागाच नाही. मैफलीचा स्टाइनवे डी 2.74 मीटर लांब, सुमारे 1.57 मीटर रुंद आणि जवळजवळ 500 किलो वजनाचा. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. पियानोच तिच्यातले सेहेचाळीसेक चौरस फूट खाईल, वादकाचे स्टूल वेगळे. शिवाय तो जिन्यावरून वर न्यायचा कोणी, हा प्रश्न उरतोच. लिफ्टमध्ये मावेल असा त्याचा एकच भाग असतो: पाय, तेही सुटे केले तर.

जागा मिळाली तरी पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर हवेत पाणी भरलेले. स्प्रूसच्या लाकडाचा नादफलक ओल धरून फुगतो आणि सूर चढतो, तोही सगळीकडे सारखा नाही, मधल्या सप्तकांत जास्त. नमदे फुगून पट्ट्या अडकतात, खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात. पियानोच्या पोटात छोटा बल्ब जळत ठेवण्याची जुनी युक्ती घरोघर होती. आता त्यासाठी तयार हीटरचे दांडे मिळतात. सॅम्पल्ड पियानो मात्र ज्या दिवशी मुद्रित झाला, त्या दिवसाच्या सुरात कायमचा गोठलेला असतो. जुलैतल्या परळमध्येही तो लंडनच्या कोरड्या दालनातच बसून वाजतो.

त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता सिंथेसायझरने तयार केला. 1970 च्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणला. पुढच्या दोन दशकांत जपानी कीबोर्ड आले, वाद्यवृंद आक्रसत गेला आणि अनेक वाद्यांचे काम एका ‘प्रोग्रॅमर’कडे आले. आज हा प्रोग्रॅमर गोरेगाव-कांदिवलीच्या एका बेडरूममध्ये बसलेला असतो. समोर 61 पट्ट्यांचा कीबोर्ड, कारण 88 चा टेबलावर मावत नाही. खर्ज हवा असेल तर डाव्या हाताने सप्तकाचे बटण दाबायचे. पंखा चालू, कारण पियानो मुद्रित करायचा नसून फक्त निवडायचा आहे. गायकाचा आवाज घ्यायच्या वेळी मात्र तोच पंखा बंद होतो, आणि खाली रिक्षा भुर्रकन जाईपर्यंत सगळे थांबतात. या शहरात स्वतःचा पियानो सॅम्पल करायचा बेत अनेकांनी केलेला असतो. एकेक खालचा स्वर पूर्ण विरायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागतो, आणि तेवढी अखंड शांतता इथे पहाटे तीनलाही उसनी आणावी लागते. शांतता महत्त्वाची यासाठी, की प्रत्येक मुद्रणातली सळसळ थोडीच असली तरी दहा स्वर एकत्र वाजले की ती 10 डेसिबलने वाढते.

दुसरी अडचण उशिराची. संगणक आवाजाची मोजमापे (इथे त्यांनाच सॅम्पल म्हणतात) थोडी साठवून मग एकदम बाहेर सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ या बफरवर अवलंबून असतो. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांहून थोडा कमी उशीर, 1024 चा म्हणजे 21. पहिला कळत नाही, दुसऱ्यात बोटे चिखलात चालल्यासारखी वाटतात. शिवाजी मंदिर किंवा दीनानाथ नाट्यगृहात लॅपटॉपवर लायब्ररी घेऊन बसणारे वादक म्हणूनच 128 वर चालणारी हलकी लायब्ररी पसंत करतात. मोठी लायब्ररी घरी ठेवलेली बरी. आणि खरे सांगायचे तर ढोलकी, बासरी आणि कोरस सुरू झाल्यावर 5 गिगाबाइट आणि 100 गिगाबाइट यांतला फरक प्रेक्षागृहात पोहोचत नाही. त्या पैशांत वजनदार पट्ट्यांचा बरा कीबोर्ड घेतला, तर फरक पहिल्या सुरापासून ऐकू येतो.

मराठी भावगीतांच्या साथीत एक सवय खास दिसते. गायिकेचा सा काळी चारला असतो. पेटीवाला मुकाट्याने काळी चारमध्ये वाजवतो. कीबोर्डवाला पांढरी एकमध्येच वाजवतो आणि ट्रान्सपोजचे बटण 4 ने खाली किंवा 8 ने वर करतो. जुने वादक यावर नाक मुरडतात. सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहिले तर नुकसान काहीच नाही, कारण बटण फक्त पट्टीचा क्रमांक बदलते आणि त्या पट्टीचे खरे मुद्रण वाजते. वाजवून झालेल्या ध्वनीचा सूर मात्र नंतर यंत्राने 4 ने सरकवला, तर हातोडीचा आघातही सोबत ताणला जातो आणि पियानो खेळण्यातला वाटू लागतो. दोन्हीला ‘ट्रान्सपोज केले’ म्हणतात, त्यामुळे स्टुडिओत यावरून वाद झडतात.

सॅम्पलला पर्याय म्हणजे पियानोचे भौतिक गणित मांडून आवाज तिथल्या तिथे घडवणे. फ्रान्समधल्या मोडार्ट कंपनीचे 2006 मधले पियानोटेक हे त्याचे ठळक उदाहरण. ते काही दहा मेगाबाइटांत मावते, पेडलचा अनुनाद उत्तम देते आणि मधल्या पायऱ्यांचा प्रश्नच ठेवत नाही. एकटा पियानो ऐकताना काहींना त्यात काच लागते, लाकूड लागत नाही.

परवान्याबाबत एवढे पुरे: विकत घेतलेल्या लायब्ररीचा पियानो आपल्या गाण्यात वाजवता येतो, सुटे स्वर पुन्हा विकता येत नाहीत. ‘क्रॅक’ प्रती हार्ड डिस्कवरून हातोहात फिरतात हेही खरेच. चित्रपटाचे काम नेमके रंगात आले असताना त्याच बंद पडतात.

उरतो सुराचा प्रश्न. पियानो समान अंतराच्या स्वरांचा आहे. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार सा पासून 386 सेंटवर असतो (सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग), पियानोचा 400 वर, म्हणजे 14 सेंट चढा. अनेक सॅम्पल्ड पियानोंत प्रत्येक स्वराचा सूर वेगळा हलवता येतो, पण गाण्यात स्वरसंगती बदलत असेल तर एका ठिकाणी जुळवलेला गांधार दुसऱ्या ठिकाणी बेसूर होतो. म्हणून तानपुरा चालू असलेल्या गाण्यात कित्येक वादक गांधार गायकावर सोडतात आणि पियानोवर सा-प एवढेच धरून ठेवतात.